रकाना चौदा

कर्जाच्या अर्जात एकतीस रकाने होते. लिफ्टवाल्यांनी ते सगळे एका रविवारी सकाळी, दोन कप चहात भरून टाकले. सव्वीस वर्षं लिफ्टा तपासून अहवाल लिहिलेल्या माणसाला रकान्यांचं भय नसतं. उलट रकाना दिसला की त्याच्या हाताला बरं वाटतं. शिक्षण, अनुभव, स्वतःचा हिस्सा, तारण, वैवाहिक स्थिती (घटस्फोटाच्या हुकुमाची प्रत सोबत जोडली आहे), सगळं त्यांनी ठळक, वळणदार अक्षरात लिहिलं. चौदाव्या रकान्यात प्रश्न होता : 'अर्जदार आजारपणामुळे वा अन्य कारणाने उपलब्ध नसल्यास व्यवसाय कोण चालवील? नाव, नाते, दूरध्वनी.' त्यापुढे त्यांनी लिहिलं, 'लागू नाही. अर्जदार कुठेही जात नाही.'

बँकेने अकराव्या दिवशी फाइल परत केली.

लिफ्टवाले त्रेपन्न वर्षांचे होते. ज्या कंपनीत त्यांनी उमेदीची वर्षं घातली, तिने मागच्या वर्षी अशा नव्या लिफ्टा आणल्या की त्या बिघडायच्या आधी स्वतःच स्वतःची तक्रार करत. मग तक्रार लिहिणाऱ्या माणसाला कंपनीने बरीच रक्कम, एक घड्याळ आणि निरोपाचं भाषण दिलं. भाषणात त्यांच्या हुद्द्याचा उल्लेख दोनदा आला आणि दोन्ही वेळा चुकला.

राहता राहिलं दुपारचं जेवण. एका कचेऱ्यांच्या इमारतीत तळमजल्यावर सूप आणि सँडविचचं हॉटेल होतं. देशभर शाखा असलेल्या एका कंपनीची फ्रँचायझी. म्हणजे पाटी, रंग, चमचे आणि पाककृती कंपनीच्या, आणि डोकेदुखी मालकाची. सहा वर्षं लिफ्टवाले रोज सव्वा वाजता तिथे जेवत. खांबाजवळचं टेबल. एक टोमॅटो सूप, दोन चीज सँडविच, कांदा नाही. काउंटरवरची मुलगी विचारायची, "नेहमीचंच ना?" ते म्हणायचे, "हो." कित्येक दिवशी त्यांचं चोवीस तासांतलं संभाषण एवढंच असायचं, आणि त्यांच्या मते ते पुरेसं होतं.

मग एके दिवशी मालक स्वतः टेबलापाशी आले.

"साहेब, विकतोय मी. मुलीकडे जाऊन राहणार. माझा करार या महिनाअखेर संपतो. तोवर कोणी घेतलं तर घेतलं, नाहीतर कंपनी शटर ओढणार. मोबाइलवाला टपूनच बसलाय जागेवर."

मालक हे प्रत्येक टेबलाला सांगत फिरत होते. बाकीच्या टेबलांनी "अरेरे" म्हटलं. मोज्यांचा जोड घ्यायला पाऊण तास लावणारे लिफ्टवाले म्हणाले, "किती?"

आकडा मोठा होता. निरोपाच्या रकमेतून त्याचा चौथा हिस्सा निघत होता. उरलेल्यासाठी छोट्या उद्योजकांची सरकारी हमीची योजना होती. तिचा अर्थ असा की कर्ज बँक देणार, आणि ते बुडालं तर त्यातला बराच भाग सरकार बँकेला भरून देणार. सरकारचा बँकेवर विश्वास होता, बँकेचा सरकारवर. लिफ्टवाल्यांचं तेवढं अजून कागदोपत्री सिद्ध व्हायचं होतं.

कर्जविभागातल्या मॅडम त्यांच्या निम्म्या वयाच्या होत्या आणि दुप्पट दमलेल्या.

"सर, हे काय लिहिलंय? कुठेही जात नाही?"

"खरंच जात नाही."

"अहो, पण माणूस आजारी पडतो."

"सहा वर्षांत एकदा दाढ काढली. तीही सकाळी नऊला. सव्वाला जेवायला हजर होतो."

"दाढ काढून जेवलात?"

"सूप."

मॅडमनी पान उलटलं. "बाकी फाइल छान आहे, सर. व्यवसायाचा आराखडा जरा वेगळा आहे, एवढंच. 'भारक्षमता चाळीस व्यक्ती. दरवाजा पूर्ण मिटत नाही, बिजागरी बदलावी. आवाज किंचित, सहन होण्याजोगा.' आमच्या मॅनेजरसाहेबांनी हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं."

"काही चुकलं का?"

"नाही हो, आवडलं त्यांना. पण रकाना चौदा रिकामा चालत नाही. आणि तुम्हाला हॉटेलचा अनुभव नाही, म्हणून तर जास्तच."

"पण हमी सरकारची आहे ना?"

"हमी बँकेला आहे, सर. तुम्ही बुडवलंत तर आमचे पैसे येतील. तुमची हमी कोणी घेतलेली नाहीये." पाण्याचं मशीन कुठे आहे ते सांगावं तशा सहज आवाजात त्या म्हणाल्या. "कोणाचंही नाव चालेल. भाऊ, बहीण, मित्र, कोणीही. त्यांची सही लागेल, आणि आम्ही फोन करून विचारणार, की तुम्ही यांना ओळखता ना. पंचवीस तारखेपर्यंत द्या. एक नाव तर असेलच ना, सर."

"असेल," लिफ्टवाले म्हणाले. ज्या लिफ्टचा दोर त्यांना संशयास्पद वाटे तिच्याबद्दल ते याच सुरात 'चालेल' म्हणत.

घरी येऊन त्यांनी फोनमधले नंबर वरून खाली पाहिले. एकशे चाळीस होते. 'कोर्टामागची'. 'दवाखाना, स्ट्रेचरची'. 'कापडबाजार, हळू चालणारी'. 'पार्किंग दोन'. सगळी लिफ्टांची नावं. त्या नंबरांवर फोन उचलणारी माणसं होती, पहारेकरी, व्यवस्थापक वगैरे. पण त्यांची नावं कधी विचारायची वेळ आली नव्हती, कारण बिघडायची ती लिफ्ट. एका लिफ्टमध्ये तर ते आणि एक गृहस्थ साडेतीन तास अडकले होते. गृहस्थांनी आपलं सगळं आयुष्य सांगितलं, रडलेही. दार उघडल्यावर ते "थँक्यू" म्हणून जे गेले ते गेलेच. लिफ्टवाल्यांनी अहवालात लिहिलं होतं, 'प्रवासी सुखरूप.'

'द' अक्षराखाली मात्र एक माणूस होता. दादा. त्यांचा सख्खा मोठा भाऊ. दोघं दर दोन-तीन महिन्यांनी बोलत, बहुतेक गुडघ्यांविषयी.

"दादा, एक नाव हवं होतं."

"कसलं? मुलगा झाला का तुला?"

"हॉटेल घेतोय."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "तू? अरे, तुला अंडं उकडता येत नाही. पाणी आटलं, अंडं करपलं, सगळ्या चाळीत वास गेला, आठवतं?"

"ते कॉलेजात असताना."

"मग त्यानंतर उकडलंस का एकदा तरी?"

लिफ्टवाल्यांनी विषय बदलून रकाना चौदा वाचून दाखवला.

"म्हणजे तू मेलास की मी येऊन सूप ढवळायचं."

"आजारी पडलो तरी."

"मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे रे. रांगेत मी पुढे आहे." मागून वहिनींचा आवाज आला, "अहो, सही कशावर करू नका हां! कोण आहे? सही मागतायत का?" दादा म्हणाला, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"सही सोडून काहीही माग. गादी पाठवू का? आमच्याकडे एक जास्तीची पडलीय."

"नको. आहे."

"बरं." दादा जरा घुटमळला. "पण काय रे, खरंच तुला काही झालं, तर मला कळवणार कोण?"

लिफ्टवाल्यांनी विचार केला. "बँक," ते म्हणाले.

"हां, मग ठीक आहे," दादा म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा झाला.

आता नाव सापडेपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून लिफ्टवाले कंपनीचं नियमावलीचं बाड वाचायला बसले. होणाऱ्या मालकाला कंपनी ते वाचायला द्यायची : दोन खंड, आठशे पानं. कोणताही माणूस ते वाचत नसावा, कारण पानं एकमेकांना चिकटलेली होती. लिफ्टवाल्यांनी पट्टीने ती सोडवत सोडवत वाचली. सूप वाढताना किती गरम असावं, ते होतं. चीजचा काप किती ग्रॅमचा, ते होतं. फडका कोणत्या दिशेने फिरवावा, याची आकृती होती. आणि दोनशे बाराव्या पानावर, 'ग्राहकाशी स्नेहबंध' या प्रकरणात, कलम सहा-तीन होतं : 'आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा येणाऱ्या ग्राहकास काउंटरवरील कर्मचाऱ्याने हसतमुखाने विचारावे, नेहमीचंच ना?'

ते कलम त्यांनी दोनदा वाचलं. मग उठून खिडकी लावली, जी आधीच लावलेली होती.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता ते काउंटरवर गेले. मुलगी हसतमुखाने म्हणाली, "नेहमीचंच ना?"

"हो," ते म्हणाले. ग्राहकाने काय म्हणावं याबद्दल नियमावलीत काही नव्हतं. ते 'हो' तेवढं त्यांचं स्वतःचं होतं.

सूप संपवताना त्यांची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. तिथून बश्या बाहेर येत. त्या सरकवणारे दोन हात कोपरापासून मनगटापर्यंत दिसत. डाव्या हातावर भाजल्याचा जुना डाग होता. सहा वर्षं ते हात पाहत होते, म्हणजे ओळख म्हणायला हरकत नव्हती. हातांना सगळे 'ताई' म्हणत. त्या दिवशी बावीस तारीख होती. लिफ्टवाले तीन वाजेपर्यंत बाहेर फुटपाथवर थांबले आणि गर्दी ओसरल्यावर मागच्या दाराशी गेले.

"आत येऊ नका," ताई म्हणाल्या. हातांच्या वर पन्नाशीची, रुंद कपाळाची, डोक्याला कागदी टोपी घातलेली बाई होती, आणि ती गाजरं सोलत होती. "टोपी नाही तुम्हाला. उंबऱ्यावर उभं राहून बोला. इन्स्पेक्टर का?"

"होतो. लिफ्टचा."

"इथे लिफ्ट नाहीये."

"मी रोज जेवायला येतो. सव्वाला, खांबाजवळ."

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि ओळखीचं काही सापडलं नाही. "काय घेता?"

"टोमॅटो सूप, दोन चीज सँडविच, कांदा..."

"बिनकांदा!" ताईंनी सोलाणं खाली ठेवलं. "ते बिनकांदा तुम्ही होय! मला वाटायचं कोणी बाई असेल. बोला की."

लिफ्टवाल्यांनी बोलायचं ते सगळं बोलून टाकलं : मालक, महिनाअखेर, योजना, रकाना चौदा. तिथे ताईंचं नाव घालता येईल का, एक सही, बँकेचा एक फोन. त्यांना आपला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. एवढी वाक्यं एका दमात बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती.

"म्हणजे तुम्ही आजारी पडलात की मी चालवायचं."

"हो."

"आणि ठणठणीत असलात की?"

"मी चालवीन."

"सूप फाटलं तर काय कराल?"

"नियमावली बघेन."

"ती त्या फ्रीजच्या पायाखाली आहे. फ्रीज कोण उचलणार?" ताई हसल्या नाहीत, त्यामुळे ते जास्त लागलं. "अकरा वर्षं मी हे चालवतेय. मालकांना विचारा, मिक्सर कुठे असतो. सांगता आलं तर मी नाव बदलीन. खरं सांगा, तुम्हाला कशाला हवंय हे?"

"बंद पडेल म्हणून."

"मग दुसरीकडे जेवा. कोपऱ्यावर आहे की एक."

"तिथे मला कोणी ओळखत नाही."

"इथे तरी कोण ओळखतंय?" ताई म्हणाल्या. "मला तर तुम्ही बाई वाटत होतात."

लिफ्टवाल्यांनी दाराची बिजागरी पाहिली. तीही बदलायला झाली होती.

ताईंनी आणखी दोन गाजरं सोलली. मग म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी मी गेले होते त्याच बँकेत. मालक तेव्हापासूनच विकू विकू करतायत. अनुभव उत्तम, म्हणाले. कंपनीचं प्रशिक्षण झालंय, उत्तम. स्वतःचा हिस्सा? म्हटलं, आहे थोडा. बँकेतला माणूस बघून इतका गोड हसला, की मी समजले." सोलाणं त्यांच्याकडे रोखून त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे हिस्सा आहे आणि माणूस नाही. अर्ज माझ्या नावाने करा. पैसे तुमचे घाला, भागीदारीचा कागद करा, तुमचा जो काही वाटा असेल तो घ्या. मी चालवते."

"मग मी काय करायचं?"

"जेवायचं. आणि इथे आत यायचं नाही."

गेले तीन आठवडे लिफ्टवाले मनातल्या मनात काउंटरमागे उभे होते. सव्वाला कोणी एकटा माणूस दारातून येई, आणि त्याने तोंड उघडायच्या आत ते विचारत, नेहमीचंच ना? नियमात होतं म्हणून नव्हे, तर त्यांना आठवत असे म्हणून. हे चित्र त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. आता ते उंबऱ्यावर उभ्या उभ्या पुसून टाकायला अर्धं मिनिट लागलं.

"जेवणाचे पैसे?" त्यांनी विचारलं.

"द्यायचे. भागीदार फुकट जेवायला लागला की हॉटेल बसलंच म्हणून समजा."

"बरोबर आहे," लिफ्टवाले म्हणाले. ही बाई हॉटेल चालवील, याबद्दल त्यांची तिथेच खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मॅडमच्या टेबलासमोर बसली आणि ताईंनी नवा अर्ज भरायला घेतला. चौदाव्या रकान्यात त्याही अडल्या, पण वेगळ्या कारणाने.

"एकच नाव घालायचं का हो?" त्यांनी मॅडमना विचारलं. "धाकटी बहीण येईल धावत. पण मोठीचं नाव नाही घातलं तर ती वर्षभर बोलणार नाही. भाचा हुशार आहे, पण त्याची बायको... नकोच ते. जाऊबाईंना सूप जमतं."

"एक पुरे, ताई."

"मग मोठी नंतर बँकेत भांडायला आली तर तुम्ही बघून घ्या." शेवटी ताईंनी दोन्ही बहिणींची नावं मध्ये 'आणि' घालून, बारीक अक्षरात कोंबून बसवली. धाकट्या बहिणीचं नाव रकान्याची रेघ ओलांडून पंधराव्यात गेलं. लिफ्टवाले त्या ओसंडलेल्या रकान्याकडे पाहत राहिले. एवढीशी जागा माणसांना कमी पडू शकते, हे त्यांनी प्रथमच पाहिलं होतं.

कर्ज एकोणतीस तारखेला मंजूर झालं. मॅडमनी फोनवर सांगितलं आणि तीस तारखेला बाराला सह्यांना बोलावलं. मोबाइलवाल्याला दुसरी जागा बघावी लागणार होती. ताई कामावरची टोपी पर्समध्ये कोंबून आल्या. बऱ्याच ठिकाणी सह्या झाल्या. मग मॅडमनी एक सुटा कागद लिफ्टवाल्यांपुढे सरकवला.

"हा तुमचा, सर. निष्क्रिय भागीदारासाठीचा."

'निष्क्रिय भागीदार' असं वर ठळक छापलेलं होतं. आजवरच्या सरकारी कागदांमध्ये आपलं इतकं अचूक वर्णन झालेलं लिफ्टवाल्यांना आठवेना. त्यांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. शेवटी होतं : 'भागीदारास काही झाल्यास कळवावयाची व्यक्ती.' त्यांचं पेन थांबलं. मग त्यांना दादाचं बोलणं आठवलं, आणि त्यांनी बँकेच्या शाखेचं नाव लिहायला सुरुवात केली.

"सर, हे काय? आम्हाला आम्हीच कळवायचं?"

"म्हणजे तुम्ही पुढे भावाला कळवाल."

"असं नाही चालत, सर. माणूस लागतो."

ताई घड्याळ बघत होत्या. साडेबारा होऊन गेले होते आणि गॅसवर सूप ठेवून त्या आल्या होत्या. "द्या इकडे," त्या म्हणाल्या. शाखेचं नाव त्यांनी खोडलं आणि तिथे आपलं नाव आणि नंबर लिहिला, भराभर, बिल लिहावं तसं. "नातं काय घालू?"

"भागीदार घाला," मॅडम म्हणाल्या.

"गिऱ्हाईक घालते. ते जुनं आहे." आणि तसं लिहून त्यांनी कागद परत सरकवला. पर्स उचलता उचलता त्या लिफ्टवाल्यांना म्हणाल्या, "फक्त एक ते तीन काही होऊ देऊ नका. मी फोन उचलत नाही. गर्दी असते."

त्या गेल्या. काचेचं दार हळूहळू मिटलं. त्याची बिजागरी ठीक होती. लिफ्टवाल्यांनी कागद पुढे ओढला आणि ताईंच्या नंबराखाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'दुपारी एक ते तीन वगळून.'

मॅडमनी ते वाचलं आणि शिक्का मारला.

लिफ्टवाले बाहेर आले तेव्हा ताई रस्त्याच्या टोकाला पोचल्या होत्या, टोपी चालता चालता डोक्यावर चढवत. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण सव्वा वाजायला अजून पस्तीस मिनिटं होती, आणि भागीदार झालं म्हणून वेळेआधी जाऊन बसणं त्यांना बरं दिसेना. ते आत वळले आणि बँकेतल्या बाकावर, नंबर पुकारला जायची वाट बघणाऱ्या माणसांच्या रांगेत बसून राहिले.